ओकाच्या रोपाची तहान

ओक हा वृक्ष महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत नांवानें परिचित आहे. प्रत्यक्ष पाहिलेला मात्र फारच थोड्यांनीं असतो. बागांतून आणि बंगल्यांच्या आवारांत ‘सिल्व्हर ओक’ म्हणून जें उंच, रुपेरी पाठीच्या पानांचें झाड लावतात, तें मूळचें ऑस्ट्रेलियांतलें असून खऱ्या ओकाशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं. खऱ्या ओकाचे भाऊबंद भारतांत हिमालयाच्या उतारांवर आढळतात. कुमाऊं व गढवालचे लोक त्यांतील एकाला बांज म्हणतात. सह्याद्रीच्या रानांत ओक आपोआप उगवत नाहीं. तेव्हां येथें ज्याची हकीकत सांगावयाची आहे, तो मध्य व पश्चिम युरोपांतील ओक होय. त्याच्या दोन जाती तेथें मुख्य आहेत. एकीचीं फळें लांब देठावर लोंबतात. दुसरीचीं फळें बिनदेठाचीं, डहाळीला चिकटून बसलेलीं असतात. पहिलीला ओलसर, भारी जमीन मानवते. दुसरी पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर सुखानें वाढते आणि कोरडेपणा अधिक सोसते.

ओकाचें आयुष्य माणसाच्या हिशेबांत बसत नाहीं. फ्रान्सच्या मध्यभागीं त्रोंसे नांवाचें ओकांचें विख्यात अरण्य आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें १६६९ सालीं वनांविषयीं जो हुकूमनामा काढला, त्यानंतर या अरण्याची नीट निगा राखली जाऊं लागली. राजाच्या आरमाराला पुढें लांकूड मिळावें, हा त्यांतील एक हेतु होता. तीं झाडें जून होईपर्यंत जहाजें लोखंडाचीं होऊं लागलीं, आणि आरमारासाठीं राखलेल्या रानांतील लांकडाचीं मद्याचीं पिंपें बनलीं. पॅरिस येथील नोत्र दाम या प्रार्थनामंदिराला २०१९ सालच्या एप्रिल महिन्यांत आग लागून त्याचें लांकडी छप्पर व शिखर कोसळलें. शिखर आणि त्यालगतचा भाग पुन्हां उभारण्यास सुमारे एक हजार ओक लागले. शिखराच्या तळासाठीं निवडलेले आठ मोठे वृक्ष २०२१ च्या मार्च महिन्यांत बेर्से येथील अरण्यांत तोडण्यांत आले. मंदिर डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां उघडलें. दोन शतकांपूर्वीं ज्या रखवालदारांनीं त्या रोपांभोंवतालचें गवत काढलें, त्यांना या कामाची कल्पना असणें शक्यच नव्हतें. परंतु त्यांचें काम चोख होतें, म्हणून लांकूड मिळालें.

हाच प्रश्न आज युरोपांतील वनाधिकाऱ्यांपुढें नव्या स्वरूपांत उभा आहे. २००३ सालचा कडक उन्हाळा, पुढें २०१८, २०१९ व २०२० हीं लागोपाठचीं कोरडीं वर्षें, आणि नंतर २०२२, अशीं अवर्षणें तेथें थोड्या अवधींत येऊन गेलीं. एकट्या जर्मनींत २०१८ पासून २०२१ च्या वसंतापर्यंत सुमारे पांच लाख हेक्टर क्षेत्रावरील झाडें नाहींशीं झालीं. त्यांत मोठा वाटा स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाचा होता. त्याचीं मुळें बहुधा उथळ असतात. पाणी तुटलें कीं सालींतून डिंक स्रवण्याची त्याची शक्ति कमी होते आणि सालीखालीं शिरणाऱ्या भुंगेऱ्यांना तो बळी पडतो. या उजाड झालेल्या जमिनीवर काय वाढवावें, असा प्रश्न निघाला म्हणजे ओकाचें नांव पुढें येतें. कारण स्प्रूस आणि बीच यांच्या मानानें मोठा ओक अवर्षणाला पुष्कळ बरा टिकतो. पण मोठा वृक्ष टिकतो म्हणून त्याचें रोप टिकेल, असें नाहीं. शंभर वर्षांच्या झाडाचीं मुळें खोल गेलेलीं असतात. रोपाला तें खोलीचें भांडवल अजून मिळवावयाचें असतें. तें किती लवकर मिळेल, हें बऱ्याच अंशीं रोप कोणत्या रीतीनें जमिनींत आलें यावर अवलंबून असतें.

त्यासाठीं ओकाच्या जन्माची रीत प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. शरद ऋतूंत फळ जमिनीवर पडतें. पालापाचोळ्याखालीं ओल मिळाली कीं त्यांतून प्रथम बाहेर येतें तें मूळ. तें सरळ खालीं जातें. हिरवा अंकुर पुढल्या वसंतांत वर येतो, तोंपर्यंत मुळानें बरीच मजल मारलेली असते. फळांतील दोन जाड दळें जमिनींतच राहतात आणि अंकुराला आपला सांठा पुरवितात. पहिल्या हंगामाच्या शेवटीं चांगल्या जमिनींत वर वीतभर रोप दिसतें, पण खालीं सोटमूळ फूटभर किंवा त्याहूनहि खोल गेलेलें असतें. एखाद्या काटकसरी गृहस्थानें घराला रंग देण्याआधीं विहीर खोदावी, तसा हा प्रकार आहे.

रोपाचा पाण्याशीं व्यवहारहि समजून घेण्यासारखा आहे. पानांच्या अंगावर सूक्ष्म रंध्रें असतात. त्यांतून हवेंतील कर्बवायु आंत येतो व त्याची साखर बनते. परंतु त्याच वाटेनें पाण्याची वाफ बाहेर जाते. अवर्षण पडलें कीं झाडापुढें दोनच मार्ग असतात. रंध्रें मिटून घेतलीं तर पाणी वांचतें, पण अन्न थांबतें. तीं उघडीं ठेवलीं तर अन्न मिळतें, पण जमीन फार कोरडी झाल्यास लांकडांतील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून पाण्याची धार तुटते. ओक हा पुष्कळ वृक्षांपेक्षां अधिक काळ रंध्रें उघडीं ठेवतो. हें धाडस त्याला परवडतें, कारण त्याचीं मुळें खोलवरच्या ओलीपर्यंत पोंचलेलीं असतात. ज्याचें मूळ तेथपर्यंत गेलेलें नाहीं, त्या रोपाला तेंच धाडस घातक ठरतें.

ओकाची आणखी एक लकब आहे. दर वसंतांत पानें पुरतीं फुटण्यापूर्वीं तो रुंद तोंडाच्या नव्या जलवाहिन्यांचें एक वलय घडवितो, आणि त्यासाठीं लागणारी साखर मागील वर्षीं मुळांत व खोडांत सांठविलेली असते. त्यामुळें एका वर्षाच्या अवर्षणाचा हिशेब कित्येकदां दुसऱ्या वर्षीं चुकता करावा लागतो. रोप पहिला उन्हाळा तरून गेलें म्हणून निश्चिंत होतां येत नाहीं.

आतां पद्धतींकडे वळूं या. वनशास्त्रांत ओकाची नवी पिढी उभी करण्याच्या मुख्य रीती चार आहेत: मातृवृक्षांच्या छायेखालीं आपोआप उगवूं देणें, फळें पेरणें, रोपवाटिकेंतील रोपें लावणें, आणि तोडलेल्या खुंटापासून फुटवा घेणें.

पहिल्या रीतींत जुन्या वृक्षांची एकदम तोड करीत नाहींत. फळांचा भरघोस हंगाम आला कीं कांहीं झाडें काढून प्रकाश आंत सोडतात. खालीं रोपें उगवलीं कीं आणखी काढतात. शेवटीं छत्र पूर्ण दूर करतात. हार्टिग आणि कोट्टा या जर्मन वनशास्त्रज्ञांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, या रीतीला शास्त्रीय बैठक मिळाली. अवर्षणाच्या दृष्टीनें तिचे लाभ मोठे आहेत. मूळ जेथें जन्मलें तेथेंच वाढतें. त्याला कोणी उपटीत नाहीं, तोडीत नाहीं. जमिनींत जुन्या झाडांच्या मुळांशीं जोडलेल्या बुरशीचे सूक्ष्म तंतू आधींच पसरलेले असतात. ते नव्या मुळांनाहि बिलगतात आणि मूळ जेथें शिरूं शकत नाहीं अशा फटींतून पाणी व क्षार आणून देतात. शिवाय संख्येचें बळ असतें. भरघोस हंगामानंतर एका हेक्टरांत कित्येक हजार, कधीं लाखाहूनहि अधिक, रोपें उभीं राहतात. अवर्षणानें त्यांतील अर्धीं नेलीं, तरी उरलेलीं पुरेशीं असतात. आणि उरतात तीं त्या जमिनींत, त्या उन्हांत पारखलेलीं असतात.

परंतु छायेचा एक फसवा गुण आहे. छत्राखालीं हवा थंड व दमट असते, म्हणून तेथें रोप सुरक्षित आहे असें वाटतें. वस्तुतः पावसाच्या हलक्या सरी वरच्या पानांतच अडकतात, आणि जमिनींत जें पाणी उतरतें त्यावर मोठ्या वृक्षांचीं मुळें आधींच हक्क सांगतात. याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ओकाचें रोप प्रकाशाचें भुकेलेलें असतें. दाट सावलींत त्याला साखर कमी मिळते, आणि साखर कमी म्हणून मूळ खालीं जात नाहीं. दोन-तीन वर्षें असें रोप हिरवें दिसतें. मग एक कोरडा उन्हाळा येतो आणि तें वाळून जातें. पाहणाऱ्याला वाटतें कीं पाण्याविना मेलें. खरें पाहतां प्रकाशाविना त्याची विहीर उथळ राहिली होती. उलट छत्र एकाएकीं दूर केलें, तर ऊन, वारा आणि गवत हीं तिन्ही एकदम आंत येतात. गवताच्या मुळांची जाळी वरच्या थरांतील ओल भराभर शोषून घेते. म्हणून छत्र केव्हां व किती उघडावें, यांतच या पद्धतीचें सारें कौशल्य आहे. प्रकाश इतका हवा कीं मुळाला अन्न मिळावें. इतका नको कीं गवत माजावें.

दुसरी रीत पेरणीची. जेथें जुने ओक नाहींत, किंवा स्प्रूस मरून जमीन मोकळी झाली आहे, तेथें फळें आणून पेरतात. मुळाच्या दृष्टीनें ही रीत पहिलीसारखीच उत्तम. सोटमूळ अखंड राहतें. अडचणी आहेत त्या बीजाच्या. ओकाचें फळ ज्वारी-गव्हासारखें वाळवून कणगींत सांठवितां येत नाहीं. वाळलें कीं मेलें. हिंवाळाभर जपून ठेवावयाचें तर गारव्यांत, ओल राखून ठेवावें लागतें. भरघोस फळांचीं वर्षेंहि दरसाल येत नाहींत. आणि पेरलेल्या फळांवर उंदीर व रानडुकरें यांचा डोळा असतो. या कामांत वनाधिकाऱ्यांना एक मदतनीस मात्र फुकट मिळतो. कावळ्याच्या कुळांतील ‘जे’ नांवाचा पक्षी शरद ऋतूंत हजारों फळें उचलून नेतो आणि हिंवाळ्याची बेगमी म्हणून एकेक करून जमिनींत पुरतो. त्यांतील सर्वच तो परत काढीत नाहीं. जर्मन भाषेंत त्या पक्ष्याचें नांवच ओकाच्या फळावरून पडलें आहे. आणि कांहीं ठिकाणीं वनाधिकारी उंच चौरंगावर फळांनीं भरलेल्या पेट्या त्याच्यासाठीं मुद्दाम मांडून ठेवतात. पक्ष्यानें पेरलेलें रोप चांगल्या खोलीवर, मातीनें व पाल्यानें झांकलेलें असतें. त्याच्या मुळाला कोणाचा धक्का लागत नाहीं.

तिसरी रीत रोपें लावण्याची. हीच आज पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे, कारण ती हुकमी वाटते: हवी ती जात, हव्या त्या वर्षीं, हव्या त्या ओळींत. दोन-तीन वर्षांचें, कमरेपर्यंत आलेलें रोप लावलें कीं तें गवताच्या वर डोकें काढतें आणि काम झाल्यासारखें दिसतें. परंतु वाफ्यांत वाढलेल्या रोपाचें सोटमूळ उपटतांना तुटतें. किंबहुना उपटणें सोपें जावें आणि बाजूचीं मुळें फुटावीं, म्हणून तें वाफ्यांतच आधीं कापलेलें असतें. बारीक तंतुमुळें तर बहुतेक वाटेंतच गळून जातात. फळांतील दळांचा सांठा केव्हांच संपलेला. अशा रोपाच्या डोक्यावर तीन वर्षांच्या पानांचा संसार आणि पायाखालीं वीतभर मुळांचा आधार, अशी विषम स्थिति होते. लावणीनंतरचा पहिला वसंत ओला गेला, तर तें नवीं मुळें फोडून सावरतें. तो कोरडा गेला, तर तें उभ्या उभ्या सुकतें. पिशवींत किंवा कुंडींत वाढलेल्या रोपाचीं मुळें गोल फिरून गुंतलेलीं असूं शकतात; खड्डा लहान खणून मूळ वांकवून कोंबलें, तर तें वांकडेपण पुढें कित्येक वर्षें टिकतें.

याचा अर्थ लावणी वाईट, असा नव्हे. ज्या उजाड जमिनीच्या आसपास मातृवृक्ष नाहींत आणि फळांचा हंगामहि आलेला नाहीं, तेथें दुसरा उपाय नसतो. अधिक दक्षिणेकडील, कोरड्या प्रदेशांतील ओकाचें बीज आणून पुढल्या काळासाठीं सोशिक पिढी तयार करावी, असा विचार कांहीं वनशास्त्रज्ञ करतात. तोहि पेरणीनें किंवा लावणीनेंच साधतां येतो. मात्र लावणीचा खरा खर्च रोपाच्या किंमतींत नसतो. शरद ऋतूंत लावून हिंवाळ्याची ओल मिळवून देणें, रोप उंच निवडण्याऐवजीं मुळांनीं भरदार निवडणें, खड्डा पुरेसा खोल करणें, भोंवतालचें गवत काढणें, हरणांपासून कुंपण घालणें, हीं कामें टाळलीं तर अवर्षण तो खर्च व्याजासह वसूल करतें. नैसर्गिक पुनरुद्भवांत शंभरांतील पन्नास रोपें मेलीं तर तें निवडीचें काम होतें. ओळींत लावलेल्या शंभरांतील पन्नास मेलीं तर तें नुकसान होतें.

चौथी रीत महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला चटकन् समजेल, कारण उसाचा खोडवा ही तिचीच बहीण आहे. ओक तोडला कीं त्याचा खुंट मरत नाहीं. त्याच्या कडेनें धुमारे फुटतात. त्यांतून दर वीस-तीस वर्षांनीं सरपण व कोळशाचें लांकूड, आणि पूर्वीं कातडीं कमावण्याची साल, असें उत्पन्न घेण्याची चाल युरोपांत शतकानुशतकें होती. मोराव्हिया, फ्रान्स, ऱ्हाइन नदीच्या आसपासचा मुलूख येथें अशीं रानें विस्तीर्ण होतीं. दगडी कोळसा आल्यावर त्यांची उपेक्षा झाली. अवर्षणाच्या काळांत त्यांच्याकडे पुन्हां लक्ष गेलें आहे. याचें कारण उघड आहे. धुमारा जरी एका वर्षाचा असला, तरी त्याच्या पायाखालीं कित्येक दशकांचीं मुळें असतात आणि त्यांत सांठाहि असतो. बियांतून आलेलें रोप पहिल्या वर्षीं वीतभर वाढतें; धुमारा कमरेच्या वर, कधीं पुरुषभर जातो. वरची माती भाजून निघाली असतां त्याचीं पानें हिरवीं राहतात आणि त्यांची रंध्रें उघडीं राहूं शकतात.

परंतु वारशानें मिळालेल्या संपत्तीला मर्यादा असतात. धुमारे जसजसे वाढतात, तसतशीं पानें वाढतात, पाण्याची मागणी वाढते, आणि बियांतील रोपावरील त्यांची सरशी वर्षानुवर्षें कमी होत जाते. फार जुने खुंट फुटतीलच असा भरंवसा नसतो. खुंटांतील कूज धुमाऱ्याच्या बुंध्यांत चढूं शकते. म्हणून शिखराला लागणारी तुळई अशा रानांतून सहसा मिळत नाहीं. सर्वांत मोठी गोष्ट अशी, कीं खोडव्यांत नवी पिढी जन्मतच नाहीं. तेंच झाड पुन्हां पुन्हां कोवळें होतें. हवामान बदलत असतांना नव्या पिढींतील हजारों निरनिराळ्या रोपांतून काटक तीं निवडलीं जाण्याची जी संधि असते, ती येथें मिळत नाहीं. काळ कठीण असतां रान जिवंत ठेवण्यास ही पद्धति उत्तम. रान नवें करण्यास अपुरी.

येथें एका भारतीय अनुभवाची आठवण बोधप्रद होईल. डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ सालीं ब्रह्मदेशांतील पेगूच्या सागवानी जंगलांवर नेमला गेला आणि १८६४ सालीं भारताचा पहिला मुख्य वनाधिकारी झाला. युरोपांतील वनशास्त्र येथें आणण्यांत त्याचा मोठा वाटा होता. पण सागाची लागवड पुढें जी रूढ झाली, तींत रोपाचा शेंडा जवळजवळ सगळा व मुळाचा खालचा भाग छाटून उरलेली ‘जडी’ पावसाच्या तोंडावर लावतात. महाराष्ट्रांत ही रीत यशस्वी होते, कारण पानेंच नसल्यामुळें जडीला प्रथम पाणी फारसें लागत नाहीं, आणि पुढें मृगापासून कित्येक आठवडे जमीन ओली राहते. तेवढ्या अवधींत ती नवीं मुळें फोडते. युरोपांत असा पावसाचा ठरलेला हंगाम नाहीं. तेथें पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आणि अवर्षण येतें तें नेमकें वाढीच्या महिन्यांत. एके ठिकाणीं मूळ कापणें खपून जातें, दुसऱ्या ठिकाणीं तेंच जिवावर बेततें. वनशास्त्रांतील कोणतीहि पद्धति तिच्या पावसापासून वेगळी काढून तोलतां येत नाहीं.

तर मग युरोपांतील वनाधिकाऱ्यानें काय करावें? शहाणे अधिकारी आज एकाच पद्धतीला चिकटून बसत नाहींत. जेथें जुने ओक उभे आहेत, तेथें ते फळांच्या हंगामाची वाट पाहतात आणि छत्र बेताबेतानें उघडतात. जेथें जवळपास मातृवृक्ष आहेत, तेथें पक्ष्याला व पेरणीला वाव देतात. जेथें कांहींच उरलेलें नाहीं, तेथें लावणी करतात. पण आपोआप आलेले बर्च वगैरे वृक्ष मुळासकट न काढतां बाजूच्या सावलीसाठीं कांहीं राखून ठेवतात. जेथें जुन्या खोडव्याचीं रानें आहेत, तेथें कांहीं खुंटांना फुटूं देऊन त्यांमध्यें बियांपासून आलेल्या रोपांसहि जागा करून देतात. आणि शेंडा वाळलेलें रोप लगेच मेलें म्हणून उपटून टाकीत नाहींत. ओकाच्या मुळाच्या माथ्यावर निद्रिस्त डोळे असतात. पुढल्या वसंतांत त्यांतून नवा अंकुर येऊं शकतो. असें रोप दिसावयास दोन वर्षांचें वाटलें, तरी त्याचें मूळ कित्येक वर्षांनीं वडील असतें.

या सर्व कामाची परीक्षा घ्यावयाची तर वर पाहून चालत नाहीं. लावलेल्या रोपांची ओळ वाटसरूला सुंदर दिसते, निरीक्षकाच्या वहींत चटकन् नोंदतां येते. पाल्याखालीं जन्मलेला वीतभर अंकुर कोणाच्या नजरेंतहि भरत नाहीं. परंतु चार-पांच उन्हाळ्यांनंतर जमीन खणून पाहिली, तर पाणी कोणाच्या मुळापर्यंत पोंचलें होतें हें कळतें. २२०० सालच्या सुमारास एखाद्या सुताराला ओकाची सरळ, निरोगी तुळई लागेल. ती मिळेल कीं नाहीं, याचा निकाल या चार-दोन दशकांत, कोवळ्या रोपाच्या फूट-दोन फूट मुळावर लागत आहे.